राज्याच्या आधी जन्मलेली काउंटी: सांता क्लाराची सुरुवातीची गोष्ट

कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवतीच्या बे एरियात नवीन आलेल्या लोकांचा एक गोंधळ हमखास होतो. 'मिशन सॅन होजे' (मिशन म्हणजे स्पॅनिश पाद्र्यांची जुनी वसाहत) हे नाव ऐकून वाटतं की ते सांता क्लारा काउंटीतल्या सॅन होजे शहरात असणार, पण ते आहे फ्रीमाँटमध्ये, आणि फ्रीमाँट वेगळ्याच काउंटीत, अल्मेडा काउंटीत. नाव सारखं असण्याचं कारण एवढंच की मिशन आणि शहर दोन्हीला एकाच संताचं, जोसेफचं, नाव दिलेलं आहे. पण फ्रीमाँटचा तो सगळा पट्टा १८५० ते १८५३ अशी तीन वर्षं खरंच सांता क्लारा काउंटीत होता. आज आपली इतकी मराठी माणसं सनीवेल, कुपर्टिनो, मिलपिटास, फ्रीमाँट इथे राहतात, गणपती करतात, मुलांना मराठी शाळेत नेतात, आणि ही काउंटी मुळात बनली कशी हे फार कमी जणांना माहीत असतं, म्हणून हे लिहायला घेतलं. मला ही गोष्ट मनापासून महत्त्वाची वाटते कारण ती शेवटी जमिनीची गोष्ट आहे, जमीन कुणाची आणि ते ठरवणारा कागद कुणाकडे.

आधी काउंटी म्हणजे काय ते बघू. घरी कुणी विचारलं तर आपण 'जिल्हा' म्हणून मोकळे होतो आणि ते बरंचसं बरोबरच आहे, जमिनीची खरेदीखतं नोंदवणं, प्रॉपर्टी टॅक्ससाठी किंमत लावणं, तुरुंग, निवडणुका, सार्वजनिक आरोग्य, जन्ममृत्यूचे दाखले ही सगळी कामं काउंटी करते. फरक असा की वरून नेमलेला कलेक्टर इथे नसतो. शेरीफ, असेसर, जिल्हा सरकारी वकील हे सगळे लोक निवडून देतात. मुंबईत शेरीफ हे मानाचं पद आहे, इथे शेरीफ म्हणजे खरोखरचा पोलीसप्रमुख, तुरुंगाच्या चाव्या त्याच्याकडे. आणि काउंटीला अधिकार देतं ते राज्य, म्हणजे आधी राज्य आणि मग त्याचे तुकडे असा क्रम असायला हवा. सांता क्लाराचं उलटं झालं. काउंटी बनली १८ फेब्रुवारी १८५० ला आणि कॅलिफोर्निया अमेरिकेचं राज्य झालं ९ सप्टेंबर १८५० ला. जवळजवळ सात महिने ही एका अशा राज्याची काउंटी होती जे अजून राज्यच नव्हतं. हे कसं काय, ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

या खोऱ्यात हजारो वर्षं ओलोनी लोक राहत होते. ओलोनी हे नाव एका जमातीचं असल्यासारखं वापरतात पण प्रत्यक्षात ते पन्नासेक छोटे छोटे स्वतंत्र गट होते, प्रत्येकाची आपली हद्द, आपला ओढा, आपली ओकची झाडं. सांता क्लारा खोऱ्यातल्यांना तामिएन म्हणतात. ओकची फळं कुटून, पाण्याने त्यातला तुरटपणा काढून त्याची पेज आणि भाकरीसारखा पदार्थ करायचे, खाडीतले शिंपले खायचे, लव्हाळ्याच्या नावा बनवायचे, आणि गवताळ माळ ठरवून जाळायचे म्हणजे नवीन गवत आणि बी चांगलं येतं. युरोपियन लोकांना ही जमीन 'मोकळी, बागेसारखी' दिसली, पण ती तशी होती कारण कुणीतरी पिढ्यानपिढ्या तिची निगा राखत होतं.

१७६९ मध्ये स्पेनची पहिली मोहीम जमिनीवरून इथे पोचली. १७७६ मध्ये हुआन बाउतिस्ता दे आन्सा जवळपास अडीचशे माणसांचा काफिला, बायकामुलं, गुरं सगळं घेऊन आजच्या ॲरिझोनामार्गे कॅलिफोर्नियात आला आणि मग निवडक माणसं घेऊन त्याने सॅन फ्रान्सिस्कोची खाडी हिंडून बघितली. कुपर्टिनो हे नाव त्याच फेरीतलं आहे, वाटेत एका ओढ्याकाठी मुक्काम केला आणि त्या ओढ्याला इटलीतल्या कुपर्तिनो गावच्या संत जोसेफचं नाव देऊन टाकलं. म्हणजे ॲपलचा पत्ता ज्या नावाने जगभर पोचला ते नाव अडीचशे वर्षं जुन्या मुक्कामाचं.

मग १२ जानेवारी १७७७ ला मिशन सांता क्लारा सुरू झालं, आणि त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला होजे होआकीन मोरागा नावाच्या लेफ्टनंटने ग्वाडालुपे नदीकाठी सॅन होजे हे गाव वसवलं. ही दोन वेगवेगळ्या प्रकारची ठिकाणं होती आणि पुढची सगळी भांडणं या फरकातून आली म्हणून जरा थांबून समजून घेऊ. मिशन म्हणजे पाद्र्यांची वसाहत. तिथे ओलोनींना बाप्तिस्मा द्यायचा, शेती आणि विणकाम शिकवायचं, आणि एकदा बाप्तिस्मा झाला की परवानगीशिवाय परत जाता यायचं नाही, पळून गेलं तर सैनिक पकडून आणायचे. जमीन पाद्र्यांच्या ताब्यात, पण हिशोबाने ती 'ओलोनींच्या वतीने सांभाळलेली'. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. सॅन होजे मात्र सरळसाधं शेतकऱ्यांचं गाव, पुएब्लो. या भागातलं स्पेनचं हे पहिलं नागरी गाव, चौदा कुटुंबं, पासष्ट-सत्तर माणसं. त्यांचं काम एकच, धान्य पिकवायचं. कारण माँटेरे आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या लष्करी ठाण्यांना धान्य यायचं ते मेक्सिकोहून जहाजाने, जहाज उशिरा आलं की सैनिक उपाशी. म्हणून गव्हर्नर फेलिपे दे नेवेने ठरवलं की इथेच गाव बसवू. प्रत्येक कुटुंबाला घराची जागा, शेताचा तुकडा, गुरं, अवजारं, सुरुवातीला पगारसुद्धा, पण अट अशी की ती जमीन विकता येणार नाही, गहाण ठेवता येणार नाही. आपल्याकडच्या इनाम-वतनाच्या अटी ज्यांना माहीत आहेत त्यांना हे लगेच कळेल.

गाव आणि मिशन हाकेच्या अंतरावर, आणि पाणी एकाच नदीचं. गावकऱ्यांनी नदीवरून असेकिया काढला, असेकिया म्हणजे आपला पाटच, आणि पाद्री म्हणाले तुम्ही आमचं पाणी आणि आमच्या लोकांची जमीन घेताय. हा हद्दीचा वाद वीसेक वर्षं चालला आणि शेवटी ग्वाडालुपे नदी हीच हद्द मानली गेली. नदीनेही दोघांना सोडलं नाही, पुरामुळे मिशनला जागा बदलावी लागली आणि गावही सरकवावं लागलं. दोघांना जोडणारा झाडांचा रस्ता पाद्र्यांनी ओलोनींकडून करून घेतला, त्याला आजही 'द अलामेडा' म्हणतात, आणि मिशनच्या जागेवर आता सांता क्लारा युनिव्हर्सिटी आहे.

या सगळ्यात ओलोनींचं काय झालं हे लिहिताना वाईट वाटतं. मिशन सुरू झाल्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात साथ आली आणि लहान मुलं पटापट गेली, पाद्री मरणाऱ्या मुलांना बाप्तिस्मा देत फिरत होते. १८०६ ची गोवराची साथ तर खाडीभोवतीच्या सगळ्या मिशनांवर आली. दुसरीकडे गुरांनी माळावरचं बी-गवत खाऊन टाकलं, माळ जाळायला स्पॅनिश सरकारने मनाई केली, म्हणजे जुनं जगणं बाहेर उरलंच नाही. माणसं मिशनमध्ये का गेली याचं मोठं कारण हे, की बाहेर खायला कमी होत गेलं.

१८२१ मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला आणि १८३३ मध्ये त्यांनी मिशनांची जमीन काढून घ्यायचा कायदा केला. कागदावर ठरलं होतं की यातला मोठा हिस्सा ओलोनींना मिळणार, 'त्यांच्या वतीने सांभाळलेली' होती ना. प्रत्यक्षात बहुतेक जमीन गेली ओळखीच्या, वजनदार कुटुंबांकडे. इथून रांचोंचा काळ सुरू होतो, रांचो म्हणजे गुरं पाळायची मोठाली जमीनदारी आणि तिचा मालक तो रांचेरो. आल्विसो, बेर्नाल, बेरीएसा, कास्त्रो ही आज रस्त्यांची, स्टेशनांची नावं आहेत, तेव्हा ती जमीनदार घराणी होती. मिलपिटास हाही एक रांचो, नावाचा अर्थ मक्याची छोटी शेतं. गुरांचं कातडं आणि चरबी हा मुख्य माल, आल्विसोच्या धक्क्यावरून होड्यांनी जहाजापर्यंत जायचा आणि रोकड इतकी कमी की कातडीच चलनासारखी फिरायची.

रांचो मिळवायची पद्धत अशी होती: गव्हर्नरकडे अर्ज करायचा, सोबत हाताने काढलेला नकाशा जोडायचा, त्याला 'दिसेन्यो' म्हणायचे. त्यात टेकडी, ओढा, एखादं मोठं ओकचं झाड, रस्ता असं काढलेलं असायचं, आपल्या खरेदीखतातल्या चतुःसीमेसारखं. मंजुरी मिळाली की दोन घोडेस्वार पन्नास वारांची दोरी घेऊन (एक वारा म्हणजे साधारण पावणेतीन फूट) दोन टोकांना खुंट्या धरून एकामागे एक पुढे जात मोजणी करायचे. दोरी ओली झाली की ताणली जायची, उन्हात आखडायची, पण त्याची कुणाला फिकीर नव्हती कारण जमीन अफाट आणि माणसं थोडी. कागदावर शेवटी लिहिलेलं असायचं, 'थोडं जास्त किंवा कमी'. शेजाऱ्याशेजाऱ्यांत हे चालून गेलं. पुढे याच चार शब्दांनी कित्येक घराणी बुडाली.

कारभार बघायला होता अल्काल्दे. हा शब्द मुळात अरबी 'अल-कादी', म्हणजे आपल्याला माहीत असलेला काझीच. न्यायाधीश, गावप्रमुख, नोंदणी अधिकारी सगळं एकच माणूस. भांडण झालं की आधी दोन्ही बाजूंचा एकेक भला माणूस बोलावून समेट करायचा प्रयत्न करायचा, वकील वगैरे नाहीच.

दरम्यान अमेरिकन लोक पूर्वेकडून यायला लागले होते. १८४४ मध्ये एलायशा स्टीव्हन्सच्या नेतृत्वाखाली आलेल्या तांड्याने पहिल्यांदाच बैलगाड्या सिएरा नेवाडाच्या डोंगरापलीकडे आणल्या, आजचा स्टीव्हन्स क्रीक त्याच्या नावाचा, आणि त्याच तांड्यातल्या मर्फी कुटुंबाने नंतर जिथे रँच घेतली तिथे आता सनीवेल आहे, मर्फी ॲव्हेन्यूवर जेवायला जाणाऱ्यांनी हे नाव रोज वाचलेलं असतं.

१८४६ मध्ये अमेरिका-मेक्सिको युद्ध पेटलं. त्याची बातमी पक्की पोचायच्या आधीच खाडीच्या उत्तरेला, सोनोमा गावात, काही अमेरिकनांनी बंड केलं आणि तिथल्या अल्काल्देला, होजे दे लोस सांतोस बेरीएसाला, अटकेत टाकलं. त्याचे म्हातारे वडील, होजे दे लोस रेयेस बेरीएसा, सांता क्लारा खोऱ्यातले मोठे रांचेरो, मुलाची खबर घ्यायला निघाले. २८ जूनला सॅन राफाएलजवळ होडीतून किनाऱ्यावर उतरले तेव्हा अमेरिकन सैन्याधिकारी जॉन फ्रीमाँटच्या माणसांनी, प्रसिद्ध वाटाड्या किट कार्सन त्यात होता, त्यांना आणि सोबतच्या दे आरो घराण्यातल्या दोन जुळ्या तरुण भावांना तिथेच गोळ्या घातल्या. कुणावर खटला चालला नाही. आज बार्टचं, म्हणजे इथल्या लोकल रेल्वेचं, एक स्टेशन बेरीएसाच्या नावाचं आहे, आणि तिथून उत्तरेकडे निघालेली गाडी मिलपिटासनंतर त्याच फ्रीमाँटच्या नावाच्या शहरात शिरते. मी त्या गाडीत बसतो तेव्हा दर वेळी मला तो म्हातारा बाप आठवतो.

युद्ध संपलं, २ फेब्रुवारी १८४८ ला ग्वाडालुपे हिदाल्गोचा तह झाला आणि कॅलिफोर्निया अमेरिकेकडे गेलं. तहात लिहिलं होतं की इथल्या मेक्सिकन लोकांची मालमत्ता सुरक्षित राहील, पण मेक्सिकन सरकारने दिलेल्या जमिनींना सरळ मान्यता देणारं दहावं कलम अमेरिकन सिनेटने मंजुरी देताना काढून टाकलं. आणि तहाच्या नऊच दिवस आधी, २४ जानेवारीला, कोलोमाला सोनं सापडलं होतं. सह्या करणाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

आता राज्याआधी काउंटी कशी, ते कळेल. सोन्यामागे जगभरातून माणसं लोटली, कायदा म्हणावा असं काही नव्हतं, जुने अल्काल्दे कसाबसा कारभार रेटत होते. वॉशिंग्टनमध्ये काँग्रेस अडकून बसली होती, कारण नवीन प्रदेशात गुलामगिरी चालेल का नाही यावर उत्तर आणि दक्षिणेचं जुळेना. लोक थांबले नाहीत. सप्टेंबर १८४९ मध्ये माँटेरेला जमून त्यांनी स्वतःची राज्यघटना लिहिली, गुलामगिरीला बंदी घातली, कायदे इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत छापायचे ठरवलं, निवडणूक घेतली आणि राजधानी ठरवली सॅन होजे. १५ डिसेंबर १८४९ ला पहिलं विधिमंडळ तिथे भरलं, पाऊस इतका की चिखलात रस्ते बंद, पहिल्या दिवशी पुरेसे सभासदच पोचले नाहीत. ज्या चौकासमोरच्या मातीविटांच्या इमारतीत ते बसले तो आज प्लाझा दे सेसार चावेस आहे.

या विधिमंडळाने राज्य म्हणून मान्यता यायची वाट न बघता कामाला सुरुवात केली आणि १८ फेब्रुवारी १८५० ला राज्याचे २७ भाग केले, त्यातली एक सांता क्लारा, नाव मिशनवरून. नावांचा अर्थ सांगणारा अहवाल सिनेटर मारियानो वायेहो यांच्या समितीने दिला, तेच वायेहो ज्यांना चार वर्षांपूर्वी सोनोमाच्या बंडखोरांनी कैद केलं होतं. सीमा शब्दांत लिहिलेल्या, अमुक ओढ्यापासून तमुक डोंगराच्या माथ्यापर्यंत. १ एप्रिलला काउंटीच्या पहिल्या निवडणुका झाल्या, अल्काल्दे गेला आणि त्याची कामं वाटून शेरीफ, क्लार्क, रेकॉर्डर, असेसर, काउंटी जज अशी माणसं आली. सुरुवातीला रस्ते आणि कर यांचे निर्णयही कोर्टच घ्यायचं, काउंटी जज आणि दोन छोटे न्यायाधीश मिळून. सुपरवायझरांचं मंडळ नंतर आलं.

पण याच सॅन होजेत, याच विधिमंडळाने आणखी दोन कायदे केले. एकाने परदेशी खाणकामगारांवर महिना २० डॉलरचा कर बसवला, त्याचा रोख होता मेक्सिकन, चिली, चिनी लोकांवर. दुसऱ्याचं नाव होतं 'इंडियन लोकांचा कारभार आणि संरक्षण'. संरक्षण नावापुरतंच. त्या कायद्याने मूळ रहिवाशांना भटके ठरवून पकडता यायचं, त्यांची मजुरी बोली लावून दुसऱ्याला देता यायची, त्यांची मुलं गोऱ्या माणसाच्या ताब्यात ठेवता यायची, आणि त्यांच्या साक्षीवर गोऱ्या माणसाला शिक्षा होऊ शकत नव्हती. गुलामगिरीला बंदी घालणाऱ्या घटनेनंतर जेमतेम सहा महिन्यांनी हे झालं. या काउंटीच्या जन्माची गोष्ट सांगताना हे गाळून सांगणं मला खोटेपणाचं वाटतं.

राजधानी लवकरच सॅन होजेहून हलली. आणि १८५३ मध्ये खाडीच्या पूर्वेकडच्या लोकांच्या मागणीवरून काँट्रा कोस्टा काउंटीचा मोठा भाग आणि सांता क्लाराचा वॉशिंग्टन तालुका, म्हणजे आजचं फ्रीमाँट, न्यूअर्क, युनियन सिटी, काढून अल्मेडा काउंटी केली. त्यामुळे मिशन सॅन होजे सीमेपलीकडे गेलं.

आता जमिनीचा मुद्दा. १८५१ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा केला की मेक्सिकन काळातली जमीन असलेल्या प्रत्येकाने दोन वर्षांत तीन जणांच्या कमिशनपुढे यावं आणि मालकी सिद्ध करावी. म्हणजे ज्याच्या ताब्यात पिढ्यानपिढ्या जमीन आहे त्यानेच सिद्ध करायचं, नाही केलं तर जमीन सरकारची. ८१३ दावे दाखल झाले. कमिशन सॅन फ्रान्सिस्कोत, कामकाज इंग्रजीत, वर जिल्हा कोर्ट, त्यावर सुप्रीम कोर्ट. अंतिम पट्टा हातात यायला सरासरी १७ वर्षं लागली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, इथे चढण्यावाचून पर्यायच नव्हता. रांचेरोंकडे गुरं होती, जमीन होती, रोकड नव्हती, म्हणून वकिलाची फी जमिनीत द्यायची, कर भरायला जबर व्याजाने कर्ज काढायचं, आणि तोवर शेतात कुणीतरी येऊन झोपडी टाकून बसलेला. 'थोडं जास्त किंवा कमी' हे आता कोर्टात वाचलं जात होतं. दावा जिंकूनसुद्धा जमीन गमावलेली कुटुंबं खूप आहेत, हे लोकांना पटकन कळत नाही, वाटतं की हरले असतील म्हणून गेली.

सगळ्यात मोठा खटला झाला न्यू अल्माडेनच्या खाणीवर. सॅन होजेच्या दक्षिणेला डोंगरात ओलोनी लोक लाल माती अंगाला लावायला आणायचे, ती होती हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं खनिज. १८४५ मध्ये आंद्रेस कास्तियेरो या मेक्सिकन अधिकाऱ्याने ती निखाऱ्यावर टाकून वर भांडं पालथं धरलं, आणि भांड्याच्या आतून पाऱ्याचे थेंब जमले. पारा का महत्त्वाचा? दगडाच्या भुकटीत विखुरलेलं सोनं पारा धरून ठेवतो, मग तापवून पारा उडवला की सोनं उरतं. सोन्याच्या धावपळीत पारा जगाच्या दुसऱ्या टोकाहून आणावा लागला असता, तो इथे दारात मिळाला. खाण कुणाच्या रांचोत येते यावर बेरीएसा आणि शेजारी लारियोस यांच्या हद्दीचा वाद, कास्तियेरोने हक्क विकत दिलेल्या कंपनीचा वेगळा दावा, आणि सरकार म्हणतं जमीन आमची. १८६३ मध्ये सुप्रीम कोर्टाने कास्तियेरोचा दावा फेटाळला आणि खुद्द लिंकनने खाण ताब्यात घ्यायचा हुकूम काढला, पण यादवी युद्धाच्या मध्यावर सगळं कॅलिफोर्निया खवळेल अशी भीती निर्माण झाल्यावर तो मागे घेतला. बेरीएसांच्या हाती शेवटी जवळपास काहीच राहिलं नाही. खाणीच्या जागी आता काउंटीचं पार्क आहे, पण पारा ग्वाडालुपे नदीच्या गाळातून अजून खाडीपर्यंत जातो, म्हणूनच तिथले मासे खाऊ नका अशी सूचना असते.

एक माणूस राहिला, लोपे इनिगो. ओलोनी, लहानपणी मिशन सांता क्लारात बाप्तिस्मा झालेला. मिशनची जमीन वाटली जाताना फार थोड्या ओलोनींना कागद मिळाला, त्यातला हा एक. १८४४ मध्ये त्याला पोसोल्मी नावाचा रांचो मिळाला, खाडीच्या काठाला, जिथे तो आधीपासून राहतच होता. अमेरिकन आल्यावर त्यानेही कमिशनपुढे दावा लावला, काही हिस्सा विकला, उरलेल्यावर राहिला. १८६४ मध्ये तो गेला तेव्हा अंतिम पट्टा अजून आलेला नव्हता. वन-ओ-वन हायवेवरून माउंटन व्ह्यू ओलांडताना मोफेट फील्ड या विमानतळाचं ते अवाढव्य गोल पाठीचं हँगर दिसतं ना, ती जमीन त्याच्या रांचोतली आहे, आणि या भागातले मुवेकमा ओलोनी लोक अजून वॉशिंग्टनकडे जमात म्हणून मान्यता मागताहेत.